दुकानासाठी लहान लॅपटॉप : विंडोज की लिनक्स?

संगणक घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आता व्यापारी बंधूंपुढे राहिलेला नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले, आणि ज्यांची कीर्द-खतावणी पिढ्यान्पिढ्या लाल कापडात बांधलेल्या वह्यांत होती त्यांनाही पडद्यासमोर बसावे लागले. आता उरतो तो प्रश्न एवढाच की यंत्र कोणते घ्यावे, त्यात किती रक्कम गुंतवावी, आणि त्या यंत्रावर जी प्रणाली चालते ती आपल्या हक्काची आहे की दुसऱ्याची न विचारता उचललेली. पहिल्या दोन प्रश्नांवर दुकानदार तासभर बोलतो. तिसऱ्यावर तो गप्प असतो, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

लॅपटॉप म्हणजे खरे तर दोन वस्तू. एक यंत्र आणि दुसरी ते चालवणारी मूळ प्रणाली. विंडोज ही मायक्रोसॉफ्ट कंपनीची प्रणाली असून ती वापरण्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. विंडोजसह येणाऱ्या नव्या यंत्राच्या किमतीत तो धरलेला असतो. सुटा घ्यायचा तर घरगुती आवृत्तीलाही दहा हजार रुपयांहून अधिक मोजावे लागतात. यातूनच बाजारात ‘डॉसवाला’ लॅपटॉप निघाला. त्यात फ्रीडॉस नावाची नाममात्र प्रणाली असते, तिच्यावर आजच्या दुकानाचे काम होत नाही. गिऱ्हाईक तो स्वस्त म्हणून घेते आणि गल्लीतला मुलगा पाचशे रुपये घेऊन त्यावर विंडोज ‘टाकून’ देतो. परवाना कुणी मागत नाही, कुणी देत नाही. दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’चा प्रकारही यापेक्षा फारसा वेगळा नसतो. इतक्या स्वस्तात कंपनी स्वतः परवाना विकत नाही, हे व्यापारी माणसाला सांगायला नको.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात आहे. धंद्याच्या फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते. दुकानातला वापर मात्र धंद्यासाठीच असतो.

दीनची बाजूही अंधारात नाही. ‘एवढ्या मोठ्या कंपनीचे काय बिघडते?’ असे म्हणून हा विषय झटकला जातो. डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनात व्यापारचिन्ह, लेखन आणि शोध यांवरील हक्क हे मालमत्तेसारखे मूल्यवान हक्क असून त्यांवर अतिक्रमण करणे शरिअतनुसार योग्य नाही, असा ठराव झालेला आहे. जो बंधू गिऱ्हाइकाला इंचभर कापड कमी मोजून देणार नाही, त्याने आपल्या हलाल कमाईचा हिशोबच उचललेल्या प्रणालीवर ठेवावा, यात मेळ बसत नाही. ज्यांना परवडते त्यांनी पैसे देऊन विंडोज घ्यावे. तो व्यवहार रास्त आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दुसरा हलाल मार्ग आहे, आणि हा लेख त्याच मार्गाविषयी आहे.

लिनक्स म्हणजे काय?

१९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणक प्रणालीचा गाभा लिहिला आणि जगासाठी खुला केला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाने अशाच मुक्त प्रणालीचे काम मांडले होते. दोन्ही मिळून आजचे लिनक्स उभे राहिले. त्याचा परवाना असा की कोणीही ते वापरावे, प्रत काढावी, दुसऱ्याला द्यावी, त्यात बदलही करावा. बदललेली प्रत पुढे देताना मात्र हाच हक्क घेणाऱ्यालाही द्यावा लागतो. एखाद्या बुजुर्गाने विहीर खोदून गावासाठी वक्फ करावी आणि पाणी भरणाऱ्याला मोल मागू नये, तसे हे आहे असे समजावे. फिक्हच्या दृष्टीने तो वक्फ नव्हे, पण समजण्यापुरता हा दाखला पुरे.

हे काही हौशी पोरांचे खेळणे नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. केरळमधील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे याच प्रणालीवर संगणक शिकत आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे भारतीय लिनक्स तयार केले. लिनक्स अनेक नावांनी मिळते. डेबियन १९९३ पासून, उबुंटू २००४ पासून आणि लिनक्स मिंट २००६ पासून चालत आले आहे. नवख्या माणसाला मिंट सोपे जाते, कारण त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्या डोळ्यांना परकी वाटत नाही. यंत्र अगदीच कमकुवत असेल तर लुबुंटू हे हलके लिनक्स पाहावे.

लहान लॅपटॉपची गोष्ट

लहान, स्वस्त आणि लिनक्सवर चालणारा लॅपटॉप ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली होती. २००७ मध्ये तो प्रत्यक्ष तयार झाला तेव्हा किंमत शंभर डॉलरच्या बरीच वर गेली होती. त्याचा एक प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका लहान शाळेतही झाला. त्याच वर्षी तैवानच्या आसुस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा, किलोभरापेक्षा कमी वजनाचा लॅपटॉप लिनक्ससह बाजारात आणला. त्याच्यावर लोकांची झुंबड उडाली आणि बाकीच्या कंपन्याही त्या मागे धावल्या.

मग काय झाले, ते व्यापाऱ्याने नीट समजून घेण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने जून २००८ मध्ये विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबवली, पण या स्वस्त लहान यंत्रांपुरती ती सवलतीत चालू ठेवली. तेव्हा एमएसआय या कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितले की त्यांची लिनक्सवाली यंत्रे विंडोजवाल्यांच्या चौपट प्रमाणात परत येत आहेत. यंत्रे मोडकी नव्हती. गिऱ्हाइकाने डबा विंडोजचा समजून घरी नेला आणि आपले नेहमीचे काम त्यात सापडले नाही. दुकानदाराने सांगितले नाही आणि गिऱ्हाइकाने विचारले नाही. सुताचा काउंट न विचारता ग्रे कापड उचलणाऱ्याची जी गत होते तीच ही. दोन-तीन वर्षांत लहान लॅपटॉपवर विंडोजचेच राज्य आले, २०१० मध्ये टॅबलेट आले, आणि काही वर्षांतच ई पीसी बंद झाला.

म्हणून आमचे सांगणे असे की ‘लिनक्स चांगले की वाईट’ हा प्रश्नच विचारू नये. एका कागदावर आपल्या दुकानातील कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे ते लिनक्सवर होते की नाही ते लिहावे.

कोणते काम होते, कोणते अडते

जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक, ई-मेल आणि व्हॉट्सअॅप वेब ही सारी कामे फायरफॉक्स किंवा क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये होतात, आणि ब्राउझर लिनक्सवरही तोच असतो. मालकी किंवा भागीदारीच्या पेढीला विवरणपत्र मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने सादर करता येते. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचा टोकन लागतो. तो टोकन लिनक्सवर चालेल काय, हे टोकन देणाऱ्याकडून आधी विचारून घ्यावे. ‘बहुतेक चालेल’ हे उत्तर धरू नये.

पत्रे, कोटेशन, बिले आणि तक्ते यांसाठी लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते. सीएने पाठवलेली एक्सेलची फाइल त्यात उघडते आणि त्याच स्वरूपात परत पाठवता येते. फाइलीत मॅक्रो असतील तर मात्र ती अडखळते. उधारीची वही ठेवायला याहून अधिक काही लागत नाही. तारीख, पार्टी, ताके, मीटर, दर, रक्कम, जमा, बाकी आणि दिवस असे नऊ रकाने करावेत. १२ ताके, ११४० मीटर, दर २८ रुपये असे लिहिले की रक्कम ३१,९२० आपोआप येते. शेवटच्या रकान्यात आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा करण्याचे सूत्र घालावे, म्हणजे रोज सकाळी कोणाची बाकी किती दिवसांची झाली ते डोळ्यांसमोर येते.

हा दिवसांचा रकाना आता शोभेचा राहिलेला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, नोंदणी असलेल्या लहान कारखानदाराचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला प्राप्तिकराची जोड दिली. मुदतीत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. २०२४ च्या मार्चअखेरीस कापड बाजारात जी धावपळ उडाली ती याच तरतुदीमुळे. यंत्रमागवाल्याने हा रकाना वसुलीसाठी पाहावा आणि व्यापाऱ्याने देणे चुकू नये म्हणून. कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे (अल-बकरा, २८२), हे आपल्या बंधूंना ठाऊक आहेच.

आता अडचणींकडे वळू. टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे. ‘वाइन’ नावाच्या साधनाने ती लिनक्सवर चालवणारे लोक आहेत, पण पेढीचा हिशोब असल्या जुगाडावर सोपवू नये. ब्राउझरमधून टॅली वापरण्याची सोय भाडे भरून मिळते, तिचा विचार करता येईल. ज्यांचे सारे खाते टॅलीत आहे आणि मुनीमजींना दुसरे काही येत नाही, त्यांनी एक यंत्र रीतसर परवान्याच्या विंडोजवर ठेवावे आणि गल्ला, गोदाम व घर यांसाठीची यंत्रे लिनक्सवर घ्यावीत. आमच्या मते मध्यम पेढीला हाच मार्ग सोयीचा आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त परवान्याचे हिशोबाचे साधन लिनक्सवर चालते, जीएसटीचीही सोय त्यात आहे. पण त्याची मांडणी करून देणारा जाणकार लागतो. एका माणसाच्या दुकानाला ते भारी पडते.

छापखानावाले आणि लग्नपत्रिका करणारे बंधू इनपेज, श्रीलिपी आणि कोरलड्रॉवर काम करतात. त्यांनी कामाचे यंत्र बदलू नये. ज्यांना फक्त पत्र किंवा पावती लिहायची आहे त्यांना अडचण नाही. लिनक्समध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही कळफलक असतात, एक कळ दाबली की भाषा बदलते. नोटो नस्तालीक हा विनामूल्य फाँट घातला की उर्दू मजकूर नस्तालीकमध्ये दिसतो. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला नस्ख वळणातील उर्दू वाचताना मणक्यात कळ आल्यासारखे होते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतो. जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमधील मजकूर मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

भरतकाम करणाऱ्या कारागिरांसाठी एक चांगली गोष्ट आहे. इंकस्केप हे चित्र काढण्याचे मुक्त साधन असून त्याला ‘इंकस्टिच’ नावाची जोड मिळते. तिच्यात नक्षी काढून ती संगणकीय भरतकाम यंत्राला समजणाऱ्या डीएसटी स्वरूपात उतरवता येते. मोठ्या कारखान्यांची महागडी साधने यापेक्षा वेगवान आहेत हे खरे, परंतु एक-दोन यंत्रांच्या कारखान्यात नवा मुलगा यावर शिकू शकतो.

प्रिंटर हा सर्वांत फसवा मामला. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी लिनक्समध्ये तयार सोय असते आणि ब्रदर कंपनीही लिनक्ससाठी साधने देते. पण आपल्याकडे असंख्य दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर बसवणे त्रासाचे म्हणून प्रसिद्ध आहे. तो तुमच्या टेबलावर असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग लॅपटॉप. चलान छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सहसा एप्सनची भाषा बोलतात आणि त्या जातीच्या साधनावर चालून जातात. बारकोड वाचणारी बंदूक यंत्राला कळफलकासारखीच भासते, तिची चिंता नको.

यंत्र कोणते घ्यावे?

आकाराचा मोह धरू नये. ई पीसीच्या सात इंची पडद्यावर तक्त्याचे निम्मे रकाने दिसत नसत. साडेअकरा इंची यंत्र प्रवासाला, नमुने दाखवायला आणि ऑर्डर टिपायला ठीक आहे. रोज चार तास बसून बिले करायची तर चौदा इंचच घ्यावे. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तर हे वेगळे सांगायला नको.

नव्या स्वस्त यंत्रांत ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी नावाची साठवण असते. ती पाटीवर जोडलेली असल्याने पुढे बदलता येत नाही, आणि विंडोजच्या सुधारणांनीच ती भरून जाते. लिनक्सला जागा कमी लागते, तरीही ही अडचण पुरी सुटत नाही. २०२३ मध्ये रिलायन्सने १६,४९९ रुपयांना जिओबुक आणले. त्यावरील जिओओएस अँड्रॉइडवर आधारलेले आहे, म्हणजे गाभा लिनक्सचाच. पण तो फोनच्या घडणीचा लॅपटॉप आहे. त्यावर आपण हवे ते लिनक्स बसवू म्हणणाऱ्याने तो घेऊ नये.

आमचा कल वापरलेल्या पण चांगल्या यंत्राकडे आहे, आणि आज त्याला एक खास कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. वैयक्तिक वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ वेगळ्या नोंदणीने देण्यात आली. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून जुन्या बाजारात उतरली. ही यंत्रे लिनक्सवर आणखी कित्येक वर्षे सुखाने चालतील. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस ही अशा मालाची जुनी ठिकाणे.

घेताना ८ जीबी रॅम आणि एसएसडी असल्याची खात्री करावी. बिजागरी हलवून पाहावी, चार्जर काढून अर्धा तास यंत्र चालवून बॅटरीचा अंदाज घ्यावा. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक हवाच. बिल देत नसेल तर माल कुठून आला हे विचारण्याचीही गरज नाही, उठून यावे. भंगारात हजार रुपयांत मिळणारी जुनी लहान यंत्रे घेऊ नयेत. त्यांतील पुष्कळशी ३२-बिट असतात आणि डेबियननेदेखील २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यावर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली.

रक्कम रोख द्यावी. ‘नो कॉस्ट ईएमआय’ या पाटीला भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते, असे खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. पन्नास हजारांच्या हप्त्याच्या यंत्रापेक्षा रोखीने घेतलेले लहान यंत्र आम्हांस अधिक बरकतीचे वाटते.

बसवण्याआधी पेन ड्राइव्हवर पाहावे

लिनक्समध्ये एक सोय अशी आहे की बसवण्याआधी ते वापरून पाहता येते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावे, लॅपटॉप त्याच पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. आतील मूळ प्रणालीला आणि फाइलींना धक्का लागत नाही. फक्त ‘इन्स्टॉल’चे चित्र दाबू नये. एखाद्या शुक्रवारी दुकान बंद असताना हे काम काढावे. संगणक शिकणारा घरातला मुलगा किंवा मुलगी जवळ बसवावी, कारण गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स येतेच असे नाही आणि पुढे अडले तर घरात कोणीतरी जाणकार हवे. वायफाय जोडावे, जीएसटीचे पोर्टल उघडावे, सीएची एखादी फाइल उघडून पाहावी, एक चलान छापावे, मराठीत आणि उर्दूत दोन ओळी लिहाव्यात. जुने यंत्र विकत घेतानाही हाच पेन ड्राइव्ह खिशात न्यावा आणि दुकानदारासमोर लावून पाहावा.

सगळे जमले तरी जुनी वही त्याच दिवशी बंद करू नये. एक महिना दोन्हीकडे लिहावे आणि महिनाअखेरीस बाकी जुळते का पाहावे. लिनक्सला विषाणूंचा उपद्रव कमी होतो, पण यंत्र चोरीस जाते, पावसाच्या पाण्यात भिजते, हातातून पडते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरची सुधारणा न केलेली विंडोज यंत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती त्यांचेच काम लवकर सुरू झाले. खात्याची प्रत दर आठवड्याला दोन पेन ड्राइव्हवर घ्यावी. एक दुकानाच्या तिजोरीत असावा आणि दुसरा घरी.